चालकाच्या पगारातून चलानाची रक्कम कापणे कितपत योग्य आहे?

सावर्ड्याची लेखनिक

नमस्कार. माझा धाकटा भाऊ कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीतून लोखंडी सळ्या वाहून नेणाऱ्या दहा चाकी ट्रकवर पगारी चालक आहे. मालकाच्या अशा चार गाड्या आहेत. भावाला महिना 19,000 रुपये पगार मिळतो आणि लांबच्या फेरीला जेवणखाणाचा भत्ता वेगळा असतो.

गेल्या दोन महिन्यांत त्याच्या गाडीवर चार चलाने निघाली. पहिले जादा भाराचे होते. आर.सी.वर एकूण वजन 28.5 टन असताना काट्यावर 31.5 टन भरले, त्यामुळे मूळ 20,000 आणि वरच्या 3 टनांचे टनामागे 2,000 मिळून 26,000 रुपये झाले. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, म्हणून दुसरी गाडी बोलावण्याचे आणि हमालीचे आणखी 4,500 रुपये गेले. दुसरे चलान वेगमर्यादेचे, 2,000 रुपयांचे. ते कॅमेऱ्याने टिपलेले असल्यामुळे मालकाच्या मोबाईलवर संदेश आला आणि त्याने सांगितल्यावरच भावाला कळले. तिसरे सीट बेल्टचे, 1,000 रुपये. चौथे म्हापशात दुकानासमोर माल उतरवताना गाडी मनाईच्या जागी उभी केल्याबद्दल, 500 रुपये.

हे सगळे मिळून 34,000 रुपये होतात. मालकाचे म्हणणे एवढेच आहे की, स्टिअरिंग ज्याच्या हातात होते त्याने दंड सोसावा. मागच्या पगारातून त्याने 5,000 रुपये कापले असून बाकीची रक्कम दरमहा अशीच कापली जाणार आहे. शिवाय, ‘वाहतूक नियमभंगाचा सर्व दंड माझ्या पगारातून वळता करण्यास माझी हरकत नाही’ असा मजकूर टाईप करून त्याने भावाला सहीसाठी दिला आहे. भावाने अजून सही केलेली नाही.

सीट बेल्ट लावला नव्हता, हे भाऊ मान्य करतो आणि ते 1,000 रुपये भरायलाही तयार आहे. पण सळ्यांचा भार कारखान्यातली क्रेन चढवते आणि किती टन घालायचे ते मालक फोनवरून ठरवतो. त्या दंडाचा भार चालकावर का यावा, हे मला समजत नाही. मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्यामुळे कापलेल्या रकमेला काहीतरी आधार लागतो एवढे मला कळते. या कपातीला आधार आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

दोन टिपर

ताई, मी स्वतः मालक आहे. कुडचड्याला माझे दोन टिपर आहेत आणि त्यांतला एक मी स्वतःच चालवतो. त्यामुळे मालकाची बाजू ऐकल्याशिवाय माझ्याकडून उत्तर मिळणार नाही.

कॅमेऱ्याचे चलान गाडीच्या नंबरवर निघते आणि गाडी मालकाच्या नावावर असते. चालक नोकरी सोडून जातो, चलान मात्र गाडीला चिकटून राहते. दोन वर्षांपूर्वी माझा एक चालक न सांगता निघून गेला. फिटनेसची वेळ आली तेव्हा ऑनलाईन तपासले, तर त्याच्या काळातली पाच चलाने थकलेली निघाली आणि ती मलाच भरावी लागली. एकदा असा चटका बसला की मालक सरसकट कापाकापी सुरू करतो. हे बरोबर आहे असे मी म्हणत नाही, पण ते कुठून येते तेवढे ध्यानात घ्यावे.

आमच्याकडे तेव्हापासून एक नियम आहे: गाडीचे ते माझे, अंगाचे ते चालकाचे. विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, घासलेले टायर, न पेटणारे दिवे, मागची परावर्तक पट्टी आणि काट्यावरचे वजन यांवरून दंड झाला तर तो माझा. सीट बेल्ट, कानाला लावलेला मोबाईल, तांबडा सिग्नल तोडणे आणि दारू यांवरून झाला तर तो चालकाचा. दारूच्या बाबतीत दंडाचा हिशेब करीत बसण्याआधी मी गाडीची चावी काढून घेतो.

मधल्या गोष्टींवर मात्र दरवेळी वाद होतो. खनिजावर ताडपत्री नीट बांधली नाही म्हणून दंड झाला, तर ताडपत्री फाटकी होती की धड असूनही क्लिनरने कंटाळा केला, ते पाहावे लागते. फाटकी असेल तर मी भरतो. म्हापशातल्या 500 रुपयांचेही तसेच आहे. माल घेणाऱ्या दुकानदाराकडे गाडी लावायला जागाच नसेल, तर चालक ती डोक्यावर घेऊन उभा राहणार आहे काय? मी असतो तर ते 500 रुपये भाड्यात धरून दुकानदाराकडून घेतले असते, किंवा स्वतः सोसले असते.

जादा भाराबद्दल तर शंकाच नको. 2018 मध्ये केंद्र सरकारने दहा चाकी ट्रकची मर्यादा 25 टनांवरून 28.5 टनांवर नेली, तेव्हा आता ओव्हरलोड थांबेल असे आम्हाला वाटले होते. मर्यादा वाढली तशी भरणाऱ्यांची भूकही वाढली. वरच्या 3 टनांचे भाडे तुमच्या भावाच्या खिशात गेले का, एवढे एकच मालकाला विचारा.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मालक लोक उघडपणे बोलत नाहीत. कायदा मोडल्याबद्दल भरलेला दंड आयकराच्या हिशेबात धंद्याचा खर्च म्हणून वजा करून मिळत नाही. तो चालकाच्या खात्यावर उचल म्हणून दाखवला, की वहीत सगळे स्वच्छ दिसते. ताई, तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तेव्हा याहून जास्त सांगायला नको.

नियम म्हणजे नियम

मला हे पटत नाही. ज्याच्याकडे अवजड वाहनाचा परवाना आहे, त्याला भार जास्त आहे हे गाडी पहिल्या चढावर चढतानाच कळते. त्याने गाडी हलवायला नकार द्यायला हवा होता. नकार दिला नाही म्हणजे त्याने तो धोका पत्करला. उद्या त्याच भाराने ब्रेक लागले नसते आणि माणूस दगावला असता, तर ‘मालकाने सांगितले होते’ हे उत्तर चालले असते का?

पगारपत्रक

मी बावीस वर्षे एका खाजगी आस्थापनेत पगारपत्रके आणि वेतन नोंदवह्या सांभाळल्या आहेत. मी वकील नाही, पण हा प्रश्न माझ्या टेबलावर अनेकदा आला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. सरकारच्या दृष्टीने गुन्हा कोणाचा, हा पहिला, आणि मालकाला पगारातून रक्कम कापता येते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘चालकाचा’ असे आले, तरी दुसऱ्याचे उत्तर आपोआप ‘होय’ होत नाही.

आधी पहिला प्रश्न घेऊ. मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 194 जादा भाराबद्दल आहे. ते केवळ चालवणाऱ्याला धरत नाही, तर जो तशी गाडी चालवायला लावतो किंवा चालवू देतो त्यालाही धरते. कलम 113 त्याच्या पुढे जाते. चालक हा गाडीचा मालक नसेल, तर तो गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या हुकमावरून घडला असे न्यायालय गृहीत धरू शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ‘स्टिअरिंग ज्याच्या हातात होते’ हे मालकाचे सूत्र निदान भाराच्या बाबतीत कायद्याने आधीच नाकारलेले आहे. वरच्या सदस्यांचे म्हणणे मी पूर्ण फेटाळत नाही, कारण चालकाचीही जबाबदारी आहेच. पण ज्या कलमात दोघेही येतात, त्याचा सगळा भार कमी पगाराच्या माणसावर टाकणे हा न्याय म्हणता येणार नाही.

वेगाचेही फार वेगळे नाही. कलम 183 मध्ये आपल्या नोकराला जादा वेगाने गाडी चालवायला लावणाराही येतो. त्यातली एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते: अमुक प्रवास अमुक वेळात पूर्ण करा असे फर्मान दिले असेल आणि वेगमर्यादा पाळून तो पूर्ण होणे शक्य नाही असे न्यायालयाला वाटले, तर ते फर्मानच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरते. ‘अकराच्या आत पेडणे गाठ’ असा निरोप मालकाने मोबाईलवर पाठवला असेल, तर तो पुसू नका.

आता पगाराकडे वळू. पूर्वी यासाठी 1936 चा वेतन प्रदान कायदा होता आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी 2019 ची वेतन संहिता लागू झाली आहे. या मुद्द्यावर दोन्हींचे सूत्र एकच आहे: कायद्याने मोजून दिलेल्या कारणांखेरीज पगारातून काहीही कापता येत नाही. वाहतूक चलान असे स्वतंत्र कारण त्या यादीत नाही. त्यामुळे मालकाला ही कपात दोनपैकी एका दारातून आत आणावी लागेल.

एक दार म्हणजे मालकाने नोकराला केलेला दंड. तो आधी जाहीर केलेल्या चुकांबद्दलच आणि नोकराचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच करता येतो. त्या वेतनकाळातल्या पगाराच्या 3 टक्क्यांहून तो जास्त असू शकत नाही, हप्त्याहप्त्याने वसूल करता येत नाही आणि 90 दिवस उलटल्यावर वसूलच करता येत नाही. त्यातून जमा झालेला पैसाही कामगारांच्याच हितासाठी खर्च करावा लागतो. तुमच्या भावाच्या 19,000 रुपयांचे 3 टक्के म्हणजे 570 रुपये. कुठे 570 आणि कुठे दरमहा 5,000!

दुसरे दार नुकसानभरपाईचे. चालकाच्या ताब्यात सोपवलेला माल हरवला किंवा खराब झाला, अथवा ज्या पैशाचा हिशेब त्याने द्यायचा आहे तो गहाळ झाला, आणि हे थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे घडले, तर प्रत्यक्ष नुकसानीइतकी रक्कम कापता येते. तिथेही आधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. चार सळ्या वाटेत पडल्या असत्या तर या दाराचा विचार झाला असता. मालकाच्याच सांगण्यावरून भरलेल्या जादा टनांचा दंड यात बसत नाही, आणि माझ्या मते उरलेली तीन चलानेही यात बसत नाहीत.

‘पगाराच्या निम्म्यापर्यंत कापता येते’ असे मालक सांगेल. ती मर्यादा कायदेशीर कपातींच्या एकूण बेरजेची आहे. तिच्या आत राहिल्याने बेकायदा कपात कायदेशीर होत नाही.

सहीच्या कागदाबद्दल एवढेच सांगतो की, कायद्याने मिळालेला हक्क नोकराने लिहून सोडला तरी तो करार रद्दबातल ठरतो. तरीसुद्धा सही करू नये. सही नसलेल्या माणसाचे जेवढे ऐकले जाते, तेवढे सही दिलेल्याचे ऐकले जात नाही, हा टेबलापलीकडून घेतलेला अनुभव आहे.

सीट बेल्टचे 1,000 रुपये भावाने स्वतःच्या हाताने भरून पावती ठेवावी. ती कपात होऊ देऊ नये. दोन्हींत पैसे तेवढेच जातात, पण एकदा कपातीची वाट मोकळी झाली की मागून 26,000 रुपयेही तिथूनच येतात.

सावर्ड्याची लेखनिक

सर्वांचे आभार. 570 रुपयांचा हिशेब मी भावाला वाचून दाखवला, तेव्हा तो पहिल्यांदाच हसला.

दोन शंका उरल्या आहेत. वेगाच्या चलानाचा फोटो आम्ही पाहिलेलाच नाही, तो पाहता येतो का? आणि दुसरी शंका जरा अवघड आहे. तक्रार करायला भाऊ धजत नाही. गोवा लहान आहे, चार मालक एकाच चहाच्या गाड्यावर भेटतात आणि ‘हा तक्रारी करणारा ड्रायव्हर’ असे नाव पडले की दुसरीकडे गाडी मिळणे कठीण होते.

जुना स्टिअरिंग

ताई, मी 1989 पासून गाडीवर होतो. डिचोली, उसगाव, सावर्डे असा सगळा खनिज पट्टा मी पालथा घातला आहे. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून घरी असतो.

2012 साली खाणी बंद पडेपर्यंत आमचा हिशेब खेपेवर असायचा. जितक्या खेपा तितके पैसे. जेटीवर रांग लागली की तिथे गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढायचा, हे कोणी तोंडाने सांगत नसे आणि सांगावेही लागत नसे. लोक टिपरवाल्यांच्या नावाने बोटे मोडायचे आणि त्यांचे चुकत होते असेही नाही, कारण त्याच रस्त्याने शाळेची मुले जायची. पण त्या वेगाचा खरा चालक कोण, हे आमच्या दिवसाअखेरच्या खेपांच्या चिठ्ठीवर लिहिलेले असायचे. तुमचा भाऊ महिन्याच्या पगारावर आहे हे त्यातल्या त्यात बरे. खेपेमागे बक्षीस लावले आहे का, ते मात्र विचारून घ्या.

दंड कोणी भरायचा यावर इथे पुष्कळ लिहून झाले. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. पैसे कोणीही भरले तरी परवाना चालकाचा असतो. गाडीत जादा भार नेणे आणि वेगमर्यादा ओलांडणे या दोन्हींसाठी परवाना काही काळ निलंबित होऊ शकतो. वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला तर परवाना जप्त करण्याची तरतूद 2019 च्या दुरुस्तीने आली. मालक 26,000 भरून मोकळा होईल आणि दुसऱ्या दिवशी दुसरा चालक बसवील, पण परवाना नसलेल्या चालकाने घरी बसून काय करायचे? त्यामुळे ‘मालक दंड भरतो ना, मग भर किती भरायचा तेवढा’ असे भावाने कधी म्हणू नये. आणि काट्यावर बोलावले तर गाडी पळवू नये. वजन करायला नकार दिला तर कायद्यात 40,000 चा दंड आहे, आणि तो मात्र खरोखरच चालकाच्या करणीचा ठरतो.

नकार द्यायला हवा होता, असे वर एकांनी लिहिले आहे. बरोबर आहे. पण क्रेनखाली उभे राहून नकार देणे, तेही घरी कर्जाचा हप्ता असताना, किती जणांना जमते? मी स्वतः एकतीस वर्षांत दोनदा दिला. त्यातल्या एका वेळी नोकरी गेली.

नकार देता येत नसेल, तर निदान त्याची खूण ठेवावी. भरून झाल्यावर काटा-पावतीचा फोटो काढायचा आणि मालकाला पाठवून विचारायचे, ‘वजन इतके आहे, निघू का?’ उत्तर आले की ते जपून ठेवायचे. उत्तर न देता फोन आला, तर त्यावर जे बोलणे झाले तेच तारीख-वेळ घालून पुन्हा लिहून पाठवायचे. आमच्या काळी हे नव्हते. असते तर एक नोकरी वाचली असती.

पगारपत्रक

फोटोबद्दल सांगतो. परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा किंवा चलानाचा क्रमांक टाकला की चलान उघडते. कॅमेऱ्याच्या चलानासोबत गुन्ह्याचे छायाचित्र, ठिकाण, तारीख आणि वेळ असावी लागते, आणि 2021 मध्ये आलेल्या नियम 167अ प्रमाणे त्याची सूचना घटनेपासून 15 दिवसांत पाठवायची असते. तारीख आधी पाहा. त्या दिवशी गाडीवर कोण होते हे फेरीच्या वहीशी ताडून घ्या. गाडीवर कोण होते हे पोलिसांनी विचारले, तर ते सांगणे हे कलम 133 प्रमाणे मालकाचे काम आहे. चार गाड्या आणि बदली चालक असलेल्या ठिकाणी अंदाजाने नावे लावली जातात, हे मी पाहिलेले आहे.

तक्रारीच्या भीतीवर माझ्याकडे औषध नाही. मात्र वेतन संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा आजच पणजीत पाटोच्या कामगार आयुक्तालयाची पायरी चढायलाच हवी असे नाही. पगाराच्या पावत्या आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवा. पगार रोख देत असतील, तर कापलेल्या रकमेची पावती मागा. पावती द्यायची वेळ आली की पुष्कळ कपाती आपोआप थांबतात.

दोन टिपर

एक सुचवू का? तुम्ही स्वतः जाऊ नका आणि भावाला एकट्यालाही पाठवू नका. मालकाच्या ओळखीचा एखादा जाणता मालक सोबत घ्या. कायद्याची कलमे चालकाच्या तोंडून ऐकली की मालकाला राग येतो. तेच दुसऱ्या मालकाने सांगितले की तो विचार करतो. हे बरे नाही, पण असे आहे.

सावर्ड्याची लेखनिक

जे घडले ते कळवते.

वेगाचे चलान उघडले. गाडी तीच आहे, पण तारीख शिगम्याची निघाली. त्या दोन दिवसांत भाऊ घरी होता, रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, ढोल वाजवत होता, आणि गाडी बदली चालकाकडे होती. मालकाच्या वहीतही तसेच लिहिलेले सापडले. ते 2,000 रुपये त्याने लगेच रद्द केले. आता त्या बदली चालकाच्या नावावर ते टाकले असतील की काय, हा विचार मनातून जात नाही.

सांग्याचे एक वयस्क ट्रकमालक आमच्यासोबत आले होते. त्यांनी कलमे काढली नाहीत, फक्त काटा-पावतीवर बोट ठेवून वरच्या 3 टनांचे भाडे कोणाला मिळाले, असे विचारले. मालक बराच वेळ गप्प राहिला. 26,000 आणि 4,500 यांची कपात होणार नाही असे तो तोंडी म्हणाला आहे आणि म्हापशाचे 500 रुपयेही त्याने सोडले. आधी कापलेले 5,000 परत करण्याबद्दल मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे उत्तर मिळाले. सीट बेल्टचे 1,000 भावाने ऑनलाईन भरले, पावती माझ्याकडे आहे.

सहीचा कागद मालकाच्या टेबलावर अजून तसाच पडलेला आहे. काल कुंकळ्ळीत गाडी भरल्यावर भावाने काटा-पावतीचा फोटो पाठवला, 28.2 टन. मालकाने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा मी भावाला जपून ठेवायला सांगितला आहे.